बायडाबाईंचा उंबर

शेखरने रविवारी फरशीवाला बोलावलाय हे कळलं, आणि बायडाबाईंची चहाची बशी हवेतच थांबली. दारापुढची दहा बाय दहाची जागा. तिथं त्याला गाडी लावायची होती आणि बायडाबाईंना माहेरून, सिन्नरहून आणलेलं लिंबू. ते बिचारं दोन वर्षं रंगाच्या डब्यात कोंडलेलं. डब्यात कुठं लिंबं धरतात?

"आई, लिंबं बाजारात मिळतात की!"

"पोळ्यापण मिळतात. मग घरात गॅस कशाला घेतलास?"

तरी फरशीवाला आलाच. नळाच्या कडेला वीतभर रोप उगवलेलं, पाखरानं टाकलेली तुती. बायडाबाई शेतकऱ्याची लेक, पान बघून झाड सांगणारी. त्यांना ते कधीच कळलं होतं. पण फरशीवाल्यानं पहार उचलली तशा त्या कडाडल्या, "थांब रं! उंबर हाय तो. दत्ताचं झाड. कोण हात लावतं बघू!"

शेखर अंबडला कंपनीत. गुरुवार कडक पाळणारा, पण झाडं पाहिलेली ती मोबाईलवर. त्यानं चपला काढून हात जोडले. फरशीवाला परत गेला.

बायडाबाई खुशीत लिंबाचा डबा घेऊन आल्या, तर सून उज्वला आडवी. "आई, उंबराशेजारी काटेरी झाड लावत नाहीत म्हणे."

"कोण म्हणे?"

"अक्काबाई."

शेजारच्या अक्काबाईंना कळलं म्हणजे कॉलनीला कळलंच. पहिल्या गुरुवारी दोघी आल्या, पुढच्याला अकरा. प्रदक्षिणा सुरू झाल्या. बायांच्या पायांनी चिखल व्हायला लागला, म्हणून शेखरनं रोपाभोवती गोल फरशी घातली. फरशीवाला तोच. दाराशी चपलांचा ढीग, नळाचं पाणी देवाला, गाडी रस्त्यावर आणि लिंबू डब्यातच. दिवाळीपर्यंत तुती गुडघ्याला लागली, अंगाला हळदकुंकू लावून.

शेवटी बायडाबाईंनी नर्सरीवाल्या नवनाथला गाठलं. "गुरुवारी ये, अन् सगळ्यांम्होरं सांग, ही तुती हाय म्हणून. माझं नाव घेऊ नको, नायतर बघ!"

नवनाथ आला. पान चोळून पाहिलं, मान हलवली. "मावशी, हा उंबर नाही. तुती आहे."

प्रदक्षिणा जागच्या जागी थांबली. बायडाबाई मनातल्या मनात फरशी उखडायला लागल्या.

तेवढ्यात अक्काबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे बायडाबाईंना साधी तुती ओळखू आली नाही? एवढं सांगत असतात, आम्ही शेतातले, आम्ही मातीतले!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. उज्वलाच होती की काय, कोण जाणे.

बायडाबाईंनी डब्यातल्या लिंबाकडं पाहिलं. मग अक्काबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. लिंबाचं काय, ते अजून दोन वर्षं कळ काढेल.

"तुती म्हणं!" त्यांनी पदर खोचला. "प्लॅस्टिकच्या कुंड्या विकणाऱ्याला काय डोंबल कळतंय? उंबरच हाय!" आणि सगळ्यांच्या पुढं होऊन त्या प्रदक्षिणेला लागल्या.

नवनाथ गोंधळून त्यांच्या मागं मागं चालला. हळूच म्हणाला, "मावशी, उन्हाळ्यात तुत्या लागल्या म्हणजे?"

"प्रसाद म्हणून वाटीन," बायडाबाई पुटपुटल्या. "तू आधी चपला काढ."