बेलवलीची टुकटुक मोहीम

सुज्ञ जन पुसतील की, मोठमोठ्या लढाया टाकोन बेलवलीच्या एका हॉलात काय घडले ते लिहिण्याचे प्रयोजन काय? तरी उत्तर इतकेच की, मोठ्या लढाया लिहिणारे बहुत जाहले, आणि त्या लढायांत जो जिंकला तो पुढे सुखाने खेळत बसला ऐसे कोठे ऐकिवात नाही. येथे तैसे घडले. सबब पदरचे काही न घालता यथास्थित लिहितो.

कसबे बदलापूर, पश्चिम बाजू, मौजे बेलवली येथे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वेणूबाई नामे मातबर बाई राज्य करीत होत्या. त्यांस पुत्र दोन. थोरले श्यामकांत, विमा कचेरीत हुद्देदार, स्वभावे शांत, कोणाचीही बाजू न घेणे हेच त्यांचे शौर्य. धाकटे कमलेश, ठाण्यास नोकरी, आणि मोटारींच्या शर्यतीचे अतोनात वेड. श्यामकांतांनी दिवाळीस कॉम्प्युटर खरेदी करोन हॉलातील टीव्हीस जोडिला, आणि कमलेशांनी त्यावर 'सर्किट सुप्रीम' नामे शर्यतीचा खेळ चढवोन आपला अंमल बसविला. त्या खेळाचा सरंजाम काय वर्णावा! गाड्या चारशे, पाऊस खरा वाटावा ऐसा, टायर झिजती, पेट्रोल सरे, आणि कमलेश वेणूबाईंच्या जेवणाच्या टेबलास खरेखुरे स्टिअरिंग आवळोन, पायांखाली ब्रेकचे पेडल मांडोन बसत, तेणेंकरून टेबलास वळ उठले आणि मंडळी ताटे मांडीवर घेऊन जेवू लागली.

ऐसियात श्यामकांतांचे लग्न होऊन सुरुचीबाई त्या घरी दाखल जाहल्या. बाईंचे माहेर उल्हासनगर कॅम्प दोन, नोकरी अंबरनाथास रंगाच्या कारखान्यात. साड्या-भांड्यांसमवेत त्यांनी 'टुकटुक' नामे जुनापुराणा खेळ आणिला. त्यात रिक्षा भर बाजारातून धावत, एकमेकींवर कलिंगडे फेकीत, आणि जो मागे पडेल त्यास खेळ आपण होऊन मोठे कलिंगड देई. कॅम्पातील दोन खोल्यांत बाई आणि त्यांचे बंधू आकाश हा खेळ खेळतच थोर जाहले, आणि बाजारच्या फेरीचा उच्चांक त्या दोघांच्या नावे लिहिला गेला. पुढे आकाश नोकरीनिमित्त परमुलखी गेले, खेळाची सीडी फुटली, दुकानी तो मिळेनासा जाहला, कॉपी करू जाता चालेना, आणि या कॉम्प्युटरावर जुन्या उच्चांकासह जो उतरला तितुकाच शिल्लक राहिला. त्या हॉलात सोफा सासरचा, पडदे सासरचे, भिंतीवरचे कॅलेंडरही सासरच्या ओळखीतल्या दुकानाचे. बाईंनी आपले म्हणावे ऐसे ते कलिंगड एक.

मग एके दिवशी 'सर्किट सुप्रीम'चा नवा अपडेट चालोन आला, आणि डिस्कमध्ये जागा नाही ऐसा बोभाटा पडद्यावर जाहला. कमलेशांनी आपली गाणी पुसली, सिनेमे पुसले, तरी जागा पुरेना. तेव्हा ते चहाचा पेला हाती घेऊन बोलिले, "वहिनी, तुझं ते रिक्षावालं उडवतो हां. बच्चा गेम आहे यार तो."

सुरुचीबाई पोळ्या लाटीत होत्या. त्यांनी लाटणे खाली ठेविले नाही. "हात तर लावून बघ," इतकेच म्हणाल्या.

दोन्ही बाजूंनी शिबंदी गोळा होणार, तो श्यामकांतांनी मध्यस्थी करोन तहनामा जाहीर केला की, उभयतांनी महिनाभर एकमेकांचा खेळ खेळावा. परक्याचा खेळ जाणल्याविना त्याची निंदा करू नये. नवा खेळ चार दिवस कोणासही गोड लागतो, सबब महिना सरता जो खेळ अजूनही खेळावासा वाटेल तो राहील, आणि दुसरा पुसला जाईल. श्यामकांतांचा आतला हेतू ऐसा की, महिनाभरात उभयता भांडण विसरोन जातील. हेतू थोर होता, परंतु घरातील माणसे त्यांच्या परिचयाची नव्हती ऐसे म्हणावे लागते.

सुरुचीबाईंनी शत्रूच्या मुलखात प्रथम पाऊल टाकिले आणि पहिल्याच वळणावर भिंतीस धडकल्या. गाडी दुरुस्त करोन पुन्हा निघाल्या, आणि पुन्हा तीच भिंत.

"ब्रेक, वहिनी, ब्रेक!" कमलेश ओरडले.

"तुझ्या चारशे गाड्यांत एकीला तरी ब्रेक आहे का?"

परंतु बाई डोळस. त्यांनी मनात टिपले की, चारशे गाड्यांतील कमलेश फिरवितात ती एकच तांबडी. बाकीच्या नुसत्या तबेल्यात उभ्या करोन पाहण्याच्या. हा मुद्दा निवाड्याचे दिवशी बाहेर काढावा ऐसे ठरवोन त्या मनोमन प्रसन्न जाहल्या.

बाईंच्या कारखान्यास सुट्टी शुक्रवारी. त्या दुपारी जिवास विसावा म्हणोन त्यांनी आपली टुकटुक उघडली, तो काय पाहतात! बाजारच्या फेरीच्या उच्चांकात अग्रस्थानी 'कमल्या', त्याखाली 'आई', आणि सुरुची-आकाश ही नावे तिसऱ्या ओळीत ढकललेली. ज्या गडावर कैक वर्षे कोणी चढले नाही तो गड बाई नोकरीवर असता पडला. वेणूबाई शेजारी सुकट निवडीत बसल्या होत्या. त्यांस बाईंनी पुसले, हे काय?

"मना काय इचारतेस?" वेणूबाई म्हणाल्या. "शनवारी तो खेलत व्हता, मंग मना पन बसवलान. मी त्याला कलिंगर मारलं. परला मेला." आणि सुकटीची टोपली बाजूस ठेवोन तोंडास पदर लावोन हसल्या.

सुरुचीबाईंस हसू आले नाही. आकाशाचे नाव खाली गेलेले पाहोन त्यांस संताप आला. त्यांनी तत्काळ 'सर्किट सुप्रीम' उघडले, कमलेशांची समुद्रकाठची लाडकी फेरी निवडली, तीच तांबडी गाडी घेतली, आणि तेथील उच्चांक मोडल्याविना उठणे नाही ऐसा पण केला.

त्या फेरीत दीपगृहापाशी एक वळण होते, महाकठीण. बाई तेथे आपटल्या, फिरोन आपटल्या, चहा गार जाहला, साय धरली. मग कोणी न सांगता त्यांचे पाऊल जरा आधी ब्रेकवर गेले, गाडी भिंतीस न लागता सुळकन निघाली, आणि समोर समुद्र उघडला. बाई एकट्याच मोठ्याने "हां!" म्हणाल्या. वेणूबाईंनी स्वयंपाकघरातून पुसले, काय गं? बाईंनी उत्तर दिले, काही नाही.

काही नाही कैसे! वळण तेच, गाडी तीच, रस्त्यात नवे ऐसे काही नाही, परंतु दर फेरीस हात थोडा अधिक शहाणा होई, आणि तो आणखी किती शहाणा होतो हे पाहण्याची बाईंस हाव सुटली. पुढल्या शुक्रवारापासोन सूड घेण्याचे बाजूस राहिले, आणि त्या नुसत्या वळणासाठी बसू लागल्या. उच्चांकही मोडला. मग ध्यानी आले की, ही तर उघड फितुरी. ज्या खेळास नावे ठेवावयाची तो गोड लागला, आणि आता खरे बोलावे तर टुकटुक जाते. त्या रात्री बाईंस जेवण गेले नाही.

निवाड्याचा रविवार उजाडला. सायंकाळी बाई कारखान्यातून परतताच दरबार भरला. श्यामकांत सोफ्यावर बसले आणि प्रथम कमलेशांस बोलण्याची आज्ञा जाहली. कमलेश मान खाजवीत उभे राहिले.

"म्हणजे, सर्किट भारीच आहे. पण खरं सांगू का दादा? वर्षभर मी त्यात एकटाच फिरतोय. रिक्षात लास्ट असलो तरी वाटतं, अभी चान्स है. आईने मला उडवलं ना, हसून हसून लोळलो मी. ते नको पुसू."

सुरुचीबाईंचा जीव भांड्यात पडला. आता गप्प राहिल्या असत्या तर मोहीम तेथेच फत्ते होती. हा मोह थोरथोरांस आवरला नाही. परंतु बाई बोलिल्या, "मग सर्किटपण नको पुसू. ते दीपगृहाचं वळण आहे ना, ते माझे लाड करत नाही. म्हणून परत परत जावंसं वाटतं."

"लाइटहाऊसवालं? किती सेकंद लागले तुला फेरीला?"

बाईंनी सांगितले. कमलेश मटकन टेबलावर बसले. "वहिनी, रेकॉर्ड तोडलास तू माझा!"

"तू माझा तोडलास तेव्हा विचारलं होतंस?"

श्यामकांत गोंधळात पडले. कालवर जो तो आपला खेळ राखीत होता, आज जो तो दुसऱ्याचा राखू लागला, आणि आवाज पूर्ववत चढले. त्यांनी फर्मावले की, तहनाम्याप्रमाणे एकास जाणे भाग आहे. इतक्यात वेणूबाई हात पुशीत बाहेर आल्या, आणि पडद्यावरील एका चित्रावर बोट ठेवोन म्हणाल्या, "आनि ह्यो कोनाचा?"

तो श्यामकांतांचा क्रिकेटचा खेळ, जागा भरमसाट व्यापोन बसलेला. थोरल्या भावाचा मुलूख म्हणोन आजवर त्यास हात लावण्याची कोणाची छाती जाहली नव्हती. दिवाळीस एकवार उघडला, पहिल्या चेंडूस बाद जाहले, तैसाच मिटला.

"मी खेळणार होतो तो," श्यामकांत म्हणाले.

"कवा?"

श्यामकांत भिंतीवरचे कॅलेंडर न्याहाळू लागले. वेणूबाईंनी मान हलविली, कमलेशांनी बटण दाबिले, आणि ज्याने कोणाची बाजू घेतली नाही त्याचाच मुलूख बिनतोफेचा गेला. विशेष हे की, तेणेंकरून दोन्ही खेळांस पुरोन जागा उरली.

मग तत्क्षणी टुकटुक लागली. फेरी ऐन रंगात आली असता सुरुचीबाईंचा फोन वाजला. कॅम्पातून त्यांची आई बोलत होती.

"आई, नंतर करते गं. आपल्याकडे आत्ता रेस लागलीये."

"आपल्याकडे म्हणजे कुठं?"

बाई थबकल्या. कमलेश किंचाळत होते, वेणूबाई कोणास तरी मेल्या म्हणत होत्या, श्यामकांत आपली पाळी कधी येते ते पुसत होते.

"बेलवलीला," बाई म्हणाल्या, आणि तितक्यात सासूबाईंचे कलिंगड येऊन त्यांची रिक्षा उलटली.

येणेप्रमाणे मोहीम संपूर्ण जाहली. त्या फेरीत सुरुचीबाई सर्वांच्या मागे राहिल्या. तथापि विजय त्यांचाच, ऐसे येथे नमूद केले असे.