मेट्रोच्या चौकीवर केरबाराव मामा अडकले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. या, बसा, अंमळ जवळ सरका. सतरंजीवर जागा बहुत आहे, आणि बुवांची पेटी अजून सुरात लागावयाची आहे, तोवर एका मोहिमेची गोष्ट सांगतो, ती कान देऊन ऐकावी.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, फाल्गुन मास, ते समयी एका आडवळणाच्या राज्यात केरबाराव मामासाहेब नांदत होते. राज्य म्हणजे दोन म्हशी, एक विहीर आणि कीर्तनाच्या मंडपात पहिल्या ओळीची हक्काची जागा. त्यांच्या धाकट्या भगिनी हौसाबाईसाहेब शेजारच्या राज्यात दिल्या होत्या, आणि त्यांची कन्या गौतमी, वय वर्षे पंधरा, ही मामांच्याच विहिरीत पोहणे शिकली. लहानपणी पाठीस पत्र्याचा डबा बांधून तीस पाण्यात उतरविले, आणि ती पायरी सोडीना, तेव्हा मामा समोर तरंगत हात पुढे करून बोलिले, "सोड पायरी. मी हाय न्हवं हिकडं." मग तिने पायरी सोडिली, ती ऐसी सोडिली की पुढे तालुका घेतला, जिल्हा घेतला, आणि महानगरीच्या तरणतलावाहून निवडीस येण्याचे बोलावणे आले. हुकूम ऐसा की अकराचे आत हजर व्हावे आणि पालकाने समक्ष सही करावी, सही नाही तर पाण्यात उतरणे नाही. कन्येचे वडील परमुलखी चाकरीस, हौसाबाईंचा पाय मोडून प्लास्टरात, म्हणोन मामासाहेब पालक होऊन निघाले. एसटीच्या थांब्यावर हौसाबाई काठी टेकीत आल्या आणि आपला फोन लेकीचे हाती देत्या जाहल्या. मामा बोलिले, "त्याचं काय काम? खर्च समदा माझा." कारण की मामांची रीत ऐसी, बहिणीस द्यावे, बहिणीचे घेऊ नये. भगिनीचे घरी चहास गेले तरी साखर आपल्या पिशवीतून नेत. हौसाबाई इतकेच बोलिल्या, "असू दे दादा. अडीअडचणीला."

मग मजल दरमजल करीत स्वारी महानगरीत दाखल जाहली, आणि मेट्रो म्हणोन जो बिनघोड्याचा रथ त्या नगरीच्या पोटातून धावतो, त्याच्या खिडकीवर मामांनी दोन कार्डे घेतली, एक आपले, एक भाचीचे, आणि बंडीतून पुडी काढून दोहोंस अंगारा लाविला. गौतमी इकडे तिकडे पाहू लागली. "मामा, लोक बघत्यात."

"बघू देत की. पाहिजे तर त्यास्नी बी लावतो."

"तुम्ही घरी असता तर बरं झालं असतं."

ऐसे ती हळूच बोलिली, परंतु मामांस ऐकू गेले, आणि त्यांनी अंगाऱ्याची पुडी बंडीत खोल सारिली.

पुढे काचेच्या झडपांची चौकी लागली. कार्ड टेकविले की झडप उघडे, एका माणसास वाट देई आणि मिटे. गौतमी सर्रकन पार जाहली. मामांनीही कार्ड टेकविले, झडप उघडली, इतक्यात मागे एक आजीबाई डोईवर गाठोडे घेऊन उभ्या दिसल्या. आता मामांचा जन्म मंडपाच्या दाराशी लोकांस वाट देण्यात गेलेला, आणि वडीलधारी बाई मागे ठेवून आपण आत शिरणे त्यांस ठाऊक नाही. ते बाजूस सरले आणि बोलिले, "या आजी, व्हा पुढं." आजी आशीर्वाद देत पुढे जाहल्या, झडप मिटली, आजी सरकत्या जिन्याने गर्दीत उतरून गेल्या, आणि भाची आत, मामा बाहेर ऐसी अवस्था जाहली. कार्ड पुनः टेकविले तो लाल दिवा. दरवान येऊन बोलिला, "काका, या कार्डावर तुम्ही आत गेलाय."

"मी तर हितं हाय."

"मशीन म्हणतंय आत. खिडकीवरून नवं तिकीट काढा."

खिडकीची रांग जत्रेच्या पाळण्यास लागावी ऐसी लांब, आणि अकराचा ठोका जवळ आला. मामांचे तोंड उतरले, परंतु पहिली चिंता भलतीच. "आणि त्या आजी? त्यांचं तिकीट तसंच हातात. उतरताना त्यास्नी अडवतील."

"तुम्ही आधी स्वतःचं बघा, काका," दरवान बोलिला, आणि तरीही हातातल्या बोलक्या यंत्रात तोंड घालून पुढच्या ठाण्यांस गाठोडेवाल्या आजींची वर्दी देता जाहला.

इकडे गौतमीने आईच्या फोनवर तिकीट काढिले. चौकोनी नक्षी उमटली ती झडपेवरून पुढे केली. मामा हात मागे घेऊन उभे. "हौसाचं पैसं न्हाई चालायचं. तू जा एकलीच."

"एकली जाऊन काय करू? सही कोण करील?"

"बहिणीच्या पैशानं मी कधी..."

गौतमीचे डोळे भरून आले, परंतु ती हटली नाही. झडपेवरून हात आणिक लांब करून बोलिली, "मामा, सोडा की. मी हाय न्हवं हिकडं."

हे शब्द ऐकताच मामासाहेबांस विहिरीची पायरी आठवली. ज्या हाताकडे पाहून ती शिकली तोच हात आता तिचा होता. मग दरवानाने तोंड दुसरीकडे फिरविले, मामांनी दोन्ही हातांनी फोन धरून आरतीचे ताट ओवाळावे तैसा काचेपुढे धरिला, आणि झडप उघडली. या खेपेस मागे कोण आहे हे मामांनी पाहिले नाही.

मग रथ सापडला, वेळ सापडली, सही जाहली, आणि गौतमी पाण्यात उतरली ती निवड घेऊनच बाहेर आली. परतल्यावर मामांनी भगिनीपुढे नोट धरिली, तेव्हा हौसाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बोलिल्या, "भाऊबीजेच्या ताटातलं मी कधी परत दिलंय? मग तू पण ठेव." मामांनी नोट कपाळास लावून बंडीत ठेविली, आणि त्या दिवशीचा चहा भगिनीच्या साखरेचा घेतला.

येणेप्रमाणे महानगरीची मोहीम फत्ते जाहली. देणारास घेणे जड जाते, ते भाचीने चौकीवर हलके केले, इतकाच या हकीकतीचा मजकूर. आता बुवा उभे राहतील. आरती फिरेल तेव्हा, श्रोते हो, मोडका पाय घेऊन थांब्यापर्यंत फोन पोचविणाऱ्या त्या हौसाबाईंची क्षणभर आठवण करावी.