वाघासाठी बांधलेलं तोंड

"करिश्मा, तू फकत बोल. बाकी जंगल माह्याकडं!" दसरूभाऊंनी छाती ठोकून सांगितलं. माणसाने छाती ठोकली की कुठेतरी काहीतरी फुटतंच, हे आमच्या गोंडपिपरीकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे!

करिश्मा त्यांची नात. नदीपलीकडच्या मारामारीत घर जळालं तेव्हा तिला पाठीशी बांधून भाऊ इकडे पळून आले होते. आता समुद्रापारच्या एका विद्यापीठाने अशा घरदार सोडून पळालेल्यांच्या पोरांसाठी शिकणं, राहणं, जेवण सारं फुकट ठेवलं होतं. जागा एकच उरलेली, आणि मुलाखत फोनवर. भाऊंना ते खरंच वाटेना. "आपल्याले कधी पाह्यलं नाई, अन् तिकडं कोनी आपलं ताट वाढून ठेवलं?" असं ते गावभर विचारत फिरले.

गावात फोन मुका. रेंज मिळायची ती टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली. दिवस फुलं पडण्याचे, आणि तिथे वाघाचं भय. वाघ मागून येतो. म्हणून फुलं वेचणारी माणसं डोक्याच्या मागे माणसाच्या तोंडाचा मुखवटा बांधतात. वाघाला वाटतं, हा तर माझ्याकडेच बघतोय! भाऊंनी बांधलेला मुखवटा फौजदारासारखा: जाड मिशा, वटारलेले डोळे.

करिश्माने फोन खोडाला टेकवला. नातीला उत्तरं सांगितली असं कुणी म्हणायला नको, म्हणून भाऊ तिच्या मागे, तिच्याकडे पाठ करून, जंगल राखत बसले. फोनमध्ये तीन चेहरे उगवले. त्यातल्या एक बाई मराठी बोलणाऱ्या. करिश्मा झाडपाल्याच्या अभ्यासाबद्दल झकास सांगत होती. मध्येच बाई थबकल्या.

"तुमच्या मागे कोण आहेत?"

"माहे आबाजी, मॅडम."

"ते असे टक लावून का बघताहेत? मघापासून पापणीसुद्धा हलली नाही!"

"नाई मॅडम, ते तिकडं पाहून राह्यले."

"आम्हाला त्यांचे डोळे दिसताहेत!" बाईंचा आवाज मऊ झाला. "खरं सांगा, तुम्हाला त्यांची भीती वाटते का? तसं असेल तर मुलाखत इथेच थांबवू."

थांबवू! भाऊ ताडकन उभे राहिले.

"आबाजी, तोंड फिरवा ना!" करिश्मा कळवळली. भाऊ गरकन वळले.

"आता हे कोण?" बाई ओरडल्या. "मिशीवाले कुठे गेले?"

"मीच तो, बाई!"

"तुम्हाला मिशा कुठे आहेत?"

"मांगं हाये ना!" भाऊंनी पाठ फिरवली. मिशीवाला हजर!

"अरे देवा, किती जण आहेत तिथे?"

पलीकडचे दोन साहेब खुर्चीतून उठले. भाऊ भिंगरीसारखे फिरू लागले, आणि प्रत्येक फेरीला पलीकडे गर्दी वाढू लागली!

शेवटी करिश्माने झडप घालून मुखवटा ओढला आणि फोनपुढे धरला. "मॅडम, हा वाघासाठी हाये."

बाई पडद्याजवळ सरकल्या.

"वाघ... आत्ता आहे तिथे?"

"सांगता येत नाई. पन रेंज इथंच भेटते, म्हनून तं आबाजी बसले."

बाईंनी साहेबांना समजावलं. तिघांची तोंडं उघडीच राहिली. एका साहेबाने काहीतरी विचारलं.

"ते विचारताहेत, मुखवट्याचा उपयोग होतो का?"

"ज्याले नाई झाला, तो सांगाले आला नाई!" भाऊ म्हणाले.

तिघं बराच वेळ आपसांत कुजबुजले. मग बाई म्हणाल्या, "करिश्मा, निकाल आम्ही आठवड्याने सांगतो. पण तो ऐकायला तुम्ही परत त्या झाडाखाली जाल! म्हणून आत्ताच सांगते, जागा तुमची. आता आधी खाली उतरा!"

उतरताना भाऊ मान खाली घालून चालत होते. करिश्माने विचारलं, "काऊन आबाजी, खुश नाई काय?"

"पोरी, घर जळालं, नदी वलांडली, किती दारं वाजवली! पन तुमाले कोनाचं भेव हाये काय, असं एकानं बी इचारलं नाई. आज समुद्रापलीकडून इचारलं!" भाऊंनी रेंज गेलेल्या फोनला हात जोडले. चार पावलं चालले, आणि परत थांबले.

"पन इचारलं, तं माह्याचबद्दल!"