निम्म्याहून थोडं जास्त

"घराचा खर्च कोण करतं?" चर्चच्या तळघरात लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देणाऱ्या म्हाताऱ्या झेलिन्स्कींनी विचारलं.

"दोघी," फ्लॉरेन्स आणि डेलोरेस या बहिणी एकदमच म्हणाल्या.

"निम्म्याहून जास्त कोण?"

"कोणीच नाही. बरोब्बर निम्मं," धाकटी डेलोरेस तोऱ्यात म्हणाली. "शेवटचं अंडं एकटं उरलं, तर आम्ही ते कापतो."

तोरा मिरवावा असंच होतं ते. नवऱ्याला सोडून, लेकीचं बोट धरून डेलोरेस मिलवॉकीला थोरलीच्या घरी आली, तेव्हा सगळ्या गल्लीत एकच वाक्य फिरलं होतं : 'फ्लॉरेन्सनं पदरात घेतलं हो बिचारीला.' ते तिला असं झोंबलं, की त्या आठवड्यापासून तिने आपला निम्मा वाटा कधी चुकवला नाही.

"मग बसा आता," झेलिन्स्की म्हणाले. "दोघींच्या पदरी एकेक पोर आहे. जी निम्म्याहून जास्त खर्च करते, तिला सरकार कुटुंबप्रमुख मानतं आणि कर कमी घेतं. तुमच्या घराला प्रमुखच नाही. एकट्या बायका म्हणून भरा दोघी."

दोघी घराकडे निघाल्या. घर उबदार ठेवणारा बॉयलर त्या हिवाळ्यात दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता, आणि वाचलेल्या करातून नवा सहज आला असता.

"हे बघ, यंदा मी थोडं जास्त घालते," फ्लॉरेन्स म्हणाली. "माझा मुलगा रे आहेच पदरी. मी होते प्रमुख, बॉयलर आणू."

"बरं," डेलोरेस म्हणाली. पण तिच्या कानात पुन्हा तो 'पदर' वाजला.

पुढच्याच आठवड्यात फ्लॉरेन्स गॅसचं बिल भरायला गेली, तर खिडकीतली बाई म्हणाली, "तुमच्या बहिणीनं कालच भरलं की."

"चुकून भरलं गं," डेलोरेस म्हणाली.

फ्लॉरेन्सने त्यावर बटाट्याचं पोतं आणलं. डेलोरेसने दोन आणली. फ्लॉरेन्सने खाटकाकडून सॉसेजची माळ आणली, तर डेलोरेसने आख्खं डुकराचं तंगडं खांद्यावर घालून आणलं. बटाटे न्हाणीघरात गेले, कोबी जिन्यावर चढला. त्यात ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस आले, शुक्रवारी मांस वर्ज्य. घर मांसाने गच्च, आणि शुक्रवारी चौघं मुकाट मासे खायची.

"आई, आपण दुकान काढतोय का?" डेलोरेसच्या लेकीने, पॅटीने विचारलं.

"मावशीला विचार. तिलाच हौस आहे."

"मला हौस?" फ्लॉरेन्स स्वयंपाकघरातून म्हणाली. "अगं, ठरलं होतं ना आपलं? माझ्या घरात मला चार पैसे जास्त घालायची चोरी झालीय."

"तुझ्या घरात," डेलोरेस हळूच म्हणाली. "तेच तर."

नाताळात फ्लॉरेन्सने आणलेलं तंगडं मात्र डेलोरेसने आणलेल्यापेक्षा जरा लहानच होतं.

फेब्रुवारीत झेलिन्स्कींनी दोघींच्या पावत्यांचे ढीग बेरजेला घेतले. दोनदा बेरीज केली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली.

"डेलोरेस, तू. निम्म्याहून थोडं जास्त. कुटुंबप्रमुख." मग ते कुजबुजले, "करात वाचलं, त्याच्या दुप्पट तुम्ही दोघींनी खाल्लंय."

तरीही परतावा आला, आणि बॉयलरवालाही आला. तळघरातून काजळी पुसत तो वर आला. त्याच्या हातात दोन बॉयलरची चित्रं होती. "एक स्वस्त, एक टिकाऊ. घरात ठरवतं कोण?"

सवयीने डेलोरेसने थोरलीकडे पाहिलं. फ्लॉरेन्स बटाटे सोलत होती. गेल्या वर्षीचे बटाटे अजून संपायचे होते.

"तिला विचारा," ती मान वर न करता म्हणाली. "घर ती चालवते. मी असते तिच्याकडे."

दोन्ही चित्रं डेलोरेसने उलटसुलट करून पाहिली, आणि शेवटी बहिणीच्या शेजारी येऊन बसली.

"फ्लॉरेन्स," ती म्हणाली, "कुठला घेऊ गं?"