वऱ्हाडाच्या जीपमधला पिवळा दिवा

एका जंगलात, मुलांनो, रस्ता झाला, रस्त्याला घाट झाला आणि घाटात हॉर्न वाजवायला एक जीपही आली. तिचे गियर आपोआप बदलायचे. त्यामुळे भिकुमामा अस्वलाला आपणच फार हुशार झाल्यासारखं वाटे.

त्या दिवशी त्याच्या भाचीचं, जांभळीचं लग्न होतं. नवरा घाटापलीकडचा. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. तो चुकला, तर मोहाची फुलं पुन्हा गळेपर्यंत वर्षभर थांबायचं. आणि जांभळीला नवरा मनापासून आवडला होता.

जीपच्या मागे ट्रेलर. त्यात रुखवताचे मधाचे रांजण, गव्यांचा बँड, आणि "मी काय, कोपऱ्यात बसेन" असं म्हणत चढलेला हत्ती.

चढ लागला. जीप वरच्या गियरमध्ये गेली, दमली, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रत्येक गचक्याला बँडचा सूर भलतीकडेच जाई. जळका वास सुटला.

जांभळीने गाडीचं माहितीपुस्तक वाचलं होतं. ते कुणीच वाचत नाही, म्हणून तिला त्याची दया आली होती. त्यात लिहिलं होतं, की ओव्हरड्राइव्ह म्हणजे सगळ्यांत वरचा गियर, सपाट रस्त्यावर मोकळं पळण्यासाठी. मागे ओझं असेल तर बटण दाबून तो बंद करावा. बंद झाला की पिवळा दिवा लागतो.

"मामा," मुंडावळ्यांआडून ती हळूच म्हणाली, "ओव्हरड्राइव्ह बंद करा ना."

"नवरीने बोलायचं नसतं!" मामा म्हणाला. "आणि बंद कशाला? नावातच केवढा जोर आहे!"

"पण पुस्तकात..."

"मघाशी बटणाला कोपर लागलं, तर पिवळा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे बिघाड! मी लगेच विझवला."

जीप आता मुंगीच्या चालीने निघाली. खरोखरच एक मुंगी पुढे गेली. बारा वाजायला दहा मिनिटं उरली.

जांभळी मागे वळली आणि मागच्या सीटवर बसलेल्या चंद्राआत्याच्या कानात कुजबुजली, "आत्या, मामाने गाडीतला दिवा विझवलाय."

आत्या ताठ झाली. "अहो भिकुमामा! लग्नाला निघालेल्या पोरीपुढचा दिवा विझवलात? अक्कल रांजणात बुडाली का?"

"अहो चंद्राताई, तो बिघाडाचा..."

"लावा म्हणते ना!"

मामाने बटण दाबलं. दिवा लागला. जीपने खालचा गियर पकडला, तो सोडलाच नाही. बँडला सूर सापडला. हत्ती नाचायला उठला, त्याला बारा गव्यांनी धरून बसवलं.

बारा वाजून सहा मिनिटांनी वऱ्हाड मांडवात!

मामाला उत्तम सारथी म्हणून शाल मिळाली. आत्याने बटणाला हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून त्या जंगलातल्या सगळ्या गाड्या सपाट रस्त्यावरही दिवा लावूनच धावतात आणि जास्तीचं पेट्रोल पितात. "पुण्याला खर्च येतोच," असं पंपवाला कोल्हा हात जोडून म्हणतो.

पंगतीत सगळे ओरडले, "जांभळे, आता बोल! नाव घे!"

जांभळी उठली, लाजली आणि म्हणाली,

"चढावर ओझं ओढताना ओव्हरड्राइव्ह ठेवावा बंद,
झुबकेरावांचं नाव घेणं हाच माझा छंद."

"वा! काय यमक जुळवलंय पोरीने!" सगळ्यांत मोठी टाळी मामाची होती.

तात्पर्य : मुलांनो, पुस्तकं जरूर वाचा. पण ज्ञानाने गाडी घाट चढत नाही, आत्याने चढते.