डब्यातले वाटाणे

नाताळच्या पंगतीत बसताना पेनिआमिनाने दोन गोष्टी ठरवल्या होत्या. मांसाला तोंड लावायचं नाही आणि लांगी आक्काला नाही म्हणायचं नाही. त्यांच्या सामोअन गावात थोरल्या बहिणीचा शब्द मोडणारा भाऊ अजून जन्माला यायचा होता.

मांस न खाण्याचं वचन त्याने बायकोला दिलं होतं. फुआतिनो जाण्याआधी म्हणाली होती, "तुझं ब्लडप्रेशर बघता लगेच माझ्यामागे येशील. वर्षभर मांस सोड. वर तरी जरा निवांत राहू दे मला." ती गेली. तेव्हापासून तो केळी उकडून खात होता.

"आक्का, मी हल्ली मांस खात नाही," त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं.

"कळलं रे. तुझं वेगळं करते."

वेगळं म्हणजे कोंबडी निघाली.

"आक्का, हे मांसच आहे की."

"मांस म्हणजे डुक्कर. हिला पिसं होती."

"पिसं कुठं वाढलीस तू?"

आक्काने फणकाऱ्याने कोंबडी उचलली आणि अळूच्या पानाची, नारळाच्या दुधात शिजलेली गरम पुडी आणून ठेवली. पेनिआमिनाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने पान उलगडलं, तर आत गुलाबी पिसुपो. डब्यातलं खारवलेलं गोमांस.

"आक्का, यात पिसुपो आहे."

"मग? डब्याला काय पाय असतात?"

"डब्यात जायच्या आधी होते."

पंगत खो खो हसली. आक्काचा चेहरा मात्र उतरला. तेव्हा पहिल्या पानावरचे पाद्रीबाबा घसा खाकरून म्हणाले, "पेनिआमिना, गोऱ्यांच्या जहाजातून आपल्याकडे पहिला डबा उतरला तो कशाचा? वाटाण्याच्या सुपाचा. पी-सूप, म्हणून पिसुपो. पुढे डब्यातून काहीही निघालं तरी आपण पिसुपोच म्हणत आलो. तेव्हा नावाप्रमाणे बघितलं तर हे वाटाणेच."

"ऐकलंस?" आक्का म्हणाली. "वाटाणे आहेत. जेव मुकाट्याने."

पेनिआमिना खांबाला टेकून कडेला बसला होता. घराला भिंती नव्हत्या आणि ओट्याखाली आक्काचं डुक्कर वास घेत उभं होतं. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने पुडी खाली सोडली. मचमच आवाज झाला. आक्का वळून बघते तो पान चाटून-पुसून लख्ख.

"अगं बाई! संपवलंस?" तिने आणखी दोन पुड्या वाढल्या. त्याही खाली गेल्या.

"भूक परत आली हो पोराला!" पाद्रीबाबांनी गहिवरून जाहीर केलं. झालं! दुःखातून उठलेल्या माणसाला घास द्यायला सगळी पंगत धावली. ज्याने त्याने आपली पुडी त्याच्यापुढे सरकवली. ढीग लागला. डुकराला आता धीर निघेना. त्याने पुढचे दोन्ही पाय ओट्यावर टेकून हक्काने चीत्कार केला. पेनिआमिना "हात धुवून येतो" म्हणत सगळ्या पुड्या लुंगीच्या ओच्यात घेऊन चुलीच्या खोपटामागे पळाला. डुक्कर त्याच्या मागे पळालं आणि डुकराच्या मागे आक्का.

"डुकराला? माझा पिसुपो डुकराला घातलास?"

"वाटाणेच की, आक्का."

आक्का हसली नाही. तिचे डोळे भरून आले. मग मात्र पेनिआमिनाने खरं काय ते सांगितलं. बायकोला दिलेलं वचन, तिचं ते वर निवांत राहणं, सगळं.

आक्का करवंट्यांच्या ढिगावर धपकन बसली.

"मेलीने मलाही शपथ घातली होती. म्हणाली, 'आक्का, माझ्यामागे हा धड जेवायचा नाही. याचं पान रिकामं ठेवू नका.'"

"मला एक, तुला एक?"

"आणि आपण निजली खुशाल."

एवढ्यात डुकराने बाकीच्या पुड्या फस्त केल्या होत्या. उरलेली एकच पुडी होती. आक्काने ती उलगडली, बोटांनी पिसुपो वेचून आपल्या तोंडात टाकला आणि नारळाच्या दुधातलं पान भावापुढे धरलं. मोठं झाल्यापासून दोघं एका ठिकाणी बसून जेवली नव्हती. सामोअन रीतीप्रमाणे बहीण-भावांनी तसं बसायचं नसतं.

"वास राहिला असेल रे थोडा," ती म्हणाली.

"वासाबद्दल ती काही बोलली नव्हती." त्याने पान तोंडात घातलं.

तेवढ्यात पाद्रीबाबांची हाक आली, "लांगी, पेनिआमिना जेवला का गं?"

"जेवतोय, जेवतोय!" आक्का भरल्या तोंडाने ओरडली. "निम्मं तो जेवतोय, निम्मं मी!"