आत्याच्या डोक्यावर कोण?

लाविनिया आत्यांनी ऑकलंडहून व्हिडिओ कॉल नमस्काराचा शब्दही न बोलता कापला, आणि तोंगातल्या कोलोवाई गावच्या घरात सेमीसीच्या हातातला फोन गप्प झाला.

"नेट गेलं वाटतं," सेमीसी म्हणाला.

"नेट नाही गेलं, तुझी बहीण गेली," त्याचे वडील, म्हातारे फेलेती, खुर्चीतून म्हणाले. "बघितलं नाहीस? वर होसेआ आणि त्याच्या खाली लाविनिया!"

होसेआ म्हणजे सेमीसीची बायको मेलियामे हिचा भाऊ. सिडनीत ट्रक चालवायचा. माणूस सोन्यासारखा, घरातला फोन आणि टॅबलेट, दोन्ही त्यानेच पाठवलेले. पण तो पडला त्यांच्या तान्ह्या पोरीचा मामा. तोंगात मामाने वाढायचं आणि आत्याने पहिल्या पंगतीला बसायचं. मामाचं डोकं आत्याच्या डोक्याच्या वर कोणी शहाणा माणूस जाऊ देत नाही. फोनमधल्या हिरव्या ॲपला हे कोणी शिकवलं नव्हतं. जो आधी आला त्याला त्याने वर बसवलं.

एरवी आत्या रुसल्या असत्या आणि चार दिवसांनी उतरल्या असत्या. पण बाळाचा बाप्तिस्मा रविवारी होता. डुक्कर पोसून तयार होतं, आहेराच्या चटया विणून झाल्या होत्या, आणि पोरीला अजून नाव नव्हतं. नाव ठेवायचा मान आत्यांचा. पाद्र्यांनी साफ सांगितलं होतं, "आत्यांनी नाव दिलं की पाणी शिंपडतो. तुमच्या घरच्या भांडणात देवाला ओढू नका." आत्या नाव ठेवीपर्यंत घरातले सगळे एकमेकांना नावं ठेवत बसले होते.

मेलियामेचं दुखणं मात्र वेगळंच होतं. सेमीसीच्या थोरल्या भावाला तीन मुली, आणि आत्यांनी तिघींचं नाव लाविनिया ठेवलं होतं. त्या घरात एकीला हाक मारली की तिघी धावत यायच्या, आणि काम सांगितलं की एकही दिसायची नाही. चौथी लाविनिया आपल्या मांडीवर आहे हे मेलियामेला कळून चुकलं होतं. ती पोरीला एकटी असताना सियाले म्हणायची. सियाले म्हणजे अंगणातलं ते पांढरं, गोड वासाचं फूल. पण भावजयीने नाव सुचवायचं म्हणजे पाहुण्याने यजमानाला ताट वाढायला सांगण्यासारखं. ती गप्प बसायची आणि आतल्या आत कुढायची.

"होसेआला घेऊच नकोस कॉलमध्ये," फेलेतींनी तोडगा काढला.

"माझ्या भावाने पाठवलेल्या फोनवरून माझ्याच भावाला हाकलता?" मेलियामे म्हणाली. यावर फेलेतींना एकदम खोकला आला.

सेमीसी बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. कसलंही मेलेलं इंजिन त्याच्या हाताखाली फुरफुरायला लागायचं, पण थोरल्या बहिणीला पाना लावता येत नाही. त्याने निळं ॲप उतरवून घेतलं. यात जो बोलेल त्याचाच चेहरा मोठा होऊन पडदाभर दिसतो, बाकीचे तळाला चिमुकले होऊन बसतात. सेमीसीला ही सोय फारच पसंत पडली.

"ताईंशिवाय कोणी ब्र काढायचा नाही," त्याने फर्मान सोडलं. "मान हलवा, हात हलवा, पण तोंड बंद."

आत्यांना मिनतवारीने पुन्हा बोलावलं. त्या पडदाभर प्रकटल्या. कानामागे फूल, गळ्यात मोत्यांची माळ.

"हं, आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. "तर बाळाचं नाव मी असं ठरवलंय की—"

तेवढ्यात सिडनीत होसेआचा कुत्रा भुंकला. क्षणात आत्या तळाला गेल्या आणि पडदाभर कुत्रा आला. जीभ बाहेर, कान ताठ.

"अरे, गप! गप की मेल्या!" होसेआ कुत्र्यावर ओरडला, आणि आता कुत्र्याच्या जागी होसेआ आला.

"मघाशी मामाच्या खाली होते," आत्यांचा आवाज तळातून आला. "आता कुत्र्याच्याही खाली! सेमीसी, अजून कोणी राहिलंय का? डुकराला बोलाव की!"

कॉल कापला. मेलियामेला हसू आवरेना, म्हणून तिने तोंड बाळाच्या दुपट्यात खुपसलं. पण दुपट्यातून तोंड वर काढलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. नको ते नाव परवडलं, पण बिननावाची पोर घेऊन रविवारी देवळाबाहेर उभं राहायचं कसं?

मग टॅबलेट निघाला. टॅबलेट आडवा धरला की सगळे चेहरे एका ओळीत शेजारी शेजारी बसतात, वर-खाली काही नाही. सेमीसीने तो चटईवर उशीला टेकून ठेवला, मोठ्यांसमोर तोंगात गुंडाळतात ती मानाची चटई कमरेला गुंडाळली, आणि सगळे भोवती वाकून बसले. होसेआने कुत्र्याला मोरीत कोंडल्याचं शपथेवर सांगितलं.

आत्या आल्या. डोळे बारीक करून पडद्याजवळ आल्या.

"मला तुमच्या नाकपुड्या दिसताहेत," त्या म्हणाल्या.

"काय, ताई?"

"नाकपुड्या रे, नाकपुड्या! मला जमिनीवर ठेवून वरून वाकून बघताय होय? मी काय विहिरीत पडलेय?"

सेमीसीने जीभ चावली. त्याने टॅबलेट उचलून कपाटाच्या माथ्यावर नेला, नारळाच्या दोरीने बोटीसारखा आवळून बांधला, आणि स्वतः खाली येऊन मान मोडेपर्यंत वर बघू लागला. आत्यांना आता सगळ्यांची टाळकी दिसत होती. खुर्चीवर काय ते फेलेती बसले होते. ते आत्यांचे वडील, त्यांना मुभा होती. खुर्चीत बसून सूचना करण्यात त्यांचा दिवस मजेत चालला होता.

"आता बरोबर," आत्या प्रसन्न झाल्या. "पण पोर कुठाय?"

"ही काय, खाली, मेलियामेच्या मांडीवर."

"मला दिसत नाही. वर कर."

सेमीसीने पोरीला दोन्ही हातांनी वर उचललं. स्वतःचं डोकं बहिणीच्या वर जाऊ नये म्हणून गुडघे वाकवले, आणि अर्धवट बसलेला, अर्धवट उभा असा तो थरथरत राहिला. पोरगी अलगद कपाटाच्याही वर पोचली आणि टॅबलेटमध्ये डोकावून आत्यांकडे टकमक बघू लागली.

"ताई, ती तुमच्या वर गेली, माफ करा, पण हात यापेक्षा—"

"गप रे!" आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाजच बदलला होता. "बघू दे मला. अगं बाई गं! नाक आमच्याकडचं आहे की!" त्या पुढे सरकल्या. "मी हिचं नाव ठेवते—"

पुढे सरकताना त्यांचा स्वतःचा फोन लवंडला. पडद्यावर ऑकलंडचं छत गरगरलं, मग दिवाणखाना आडवा दिसला. लाविनिया आत्या, मोत्यांच्या माळेसकट, चक्क जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. आणि त्यांच्या मागे, सोफ्यावर, पाय स्टुलावर ठेवून एक पांढऱ्या केसांची म्हातारी केक खात होती.

"अक्का!" फेलेती किंचाळले आणि खुर्चीतून थेट चटईवर आले. त्या सिसिलिया होत्या, फेलेतींच्या थोरल्या बहीण आणि लाविनिया आत्यांच्या आत्या. आत्यालाही आत्या असतेच, हे त्या घरात कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"डॉक्टरला गुडघे दाखवायला आलेय मी इथे," सिसिलिया सावकाश म्हणाल्या. "सकाळपासून ही पोरगी फोनवर कुणावर तरी खेकसतेय. काय गं लाविनिया, काय चाललंय?"

"आत्या, बाळाचं नाव ठेवतेय," लाविनिया आत्या मान खाली घालून म्हणाल्या.

"काय ठेवतेस?"

"लाविनिया."

सिसिलियांनी केकचा तुकडा शांतपणे चावून संपवला. "तुझं ते नाव मी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि एकदाच ठेवलं होतं."

कोलोवाईत सेमीसी अजून पोरीला वर धरूनच होता.

"तिची आई कुठंय? हं. पोरी, घरात काय म्हणतेस हिला?"

मेलियामेने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. सासरे स्वतःच चटईवर होते.

"सियाले," ती म्हणाली.

"लाविनिया," सिसिलिया म्हणाल्या, "मान तुझा आहे. सांग सगळ्यांना."

लाविनिया आत्यांनी फोन सरळ केला, माळ सरळ केली, कानामागचं फूल नीट बसवलं आणि घसा खाकरला. "फार विचार करून," त्या म्हणाल्या, "मी हिचं नाव सियाले ठेवलं आहे."

मोरीत कोंडलेल्या कुत्र्यासकट सगळ्यांनी एकच गलका केला. मेलियामे त्या गलक्यात मोकळेपणी रडली.

रविवारी बाप्तिस्मा झाला, डुक्कर संपलं, पाद्रीही खूश झाले. सोमवारी लाविनिया आत्यांचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, साधाच कॉल होता, आणि आवाज अगदी दबका.

"सेमीसी, तुला त्यातलं कळतं म्हणून विचारते. असं एखादं ॲप आहे का रे, ज्यात आपण दिसतो, पण आपल्यामागे कोण बसलंय ते दिसत नाही?"